नितळ पाण्याचा उन्हाळा

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी तांदूळ धूत होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तांदळाचं पहिलं पाणी मी सिंकमध्ये न सोडता खालच्या टबात ओतलं, तेव्हा ईशानने विचारलं, "आजी, ते डर्टी वॉटर तू ठेवतेस कशाला?" मी म्हटलं, "झाडांना." त्यावर त्याने नाक मुरडलं आणि म्हणाला, "मग झाडांना क्लीन वॉटर का नाही देत?" तेवढ्यात तुमच्या आईने त्याला बूट घालायला हाक मारली आणि तो पळाला.

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की सोमवारपासून पाणीकपात आहे. तलाव तळाला गेलेत, पाऊस लांबणार असं म्हणतात. ती सूचना वाचली आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातही अशीच सूचना आली होती. त्या उन्हाळ्यात मी झाडांना क्लीन वॉटरच दिलं होतं. त्याचं काय झालं हे मी तुमच्या आईलाही धड सांगितलेलं नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर भांडुपच्या शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना मी तेच शिकवलं. पण यातली माणसं मराठीत बोलली आणि त्यांचं बोलणं मला बदलायचं नाही. आई वाचून दाखवेल. काही शब्द अडतील, ते अडू देत.

आमच्या मुलुंडच्या घरी पाणी सकाळी सहाला येतं. तुमच्याकडे नळ फिरवला की पाणी येतं, त्यामुळे 'पाणी येतं' हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्याकडे ते पाहुण्यासारखं येतं. आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज, मग पाइपात अडकलेली हवा खोकते, नळ दोनदा थुंकतो, आणि मग धार लागते. सव्वासातला ती बारीक होते आणि थांबते. कपातीच्या दिवसांत धार सुरू कधी झाली आणि थांबली कधी तेच कळत नाही. त्या सव्वा तासात घरातलं कुणी कुणाशी बोलत नाही. मी अजूनही साडेपाचला जागी होते आणि अंधारात कान देऊन पडून राहते. ज्या दिवशी खोकला ऐकू येत नाही त्या दिवशी उठून नळ उघडून बघते, टाकीत दोन दिवसांचं पाणी असलं तरी.

त्यामुळे पाणी राखणं ही आमच्याकडे शिकवण्याची गोष्ट नाही, ती हाताची सवय आहे. दात घासताना तांब्या भरून घ्यायचा, नळ सोडायचा नाही. अंघोळ एका बादलीत. भाजी वाहत्या नळाखाली न धरता पातेल्यात बुडवून धुवायची. भांडी आधी एकत्र भिजवून ठेवली की विसळायला अर्धं पाणी लागतं. वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी बादलीत धरून फरशी पुसायची. फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली एक बाटली आडवी ठेवली की दर वेळी बाटलीभर पाणी वाचतं. आणि फ्लश गळतोय का, हे बघायचं असेल तर टाकीत चिमूटभर हळद टाकायची आणि अर्धा तास आत जायचं नाही. भांड्यात पिवळा ओघळ दिसला तर गळतोय. तुमचे आजोबा हा प्रयोग पाहुण्यांकडेही करायचे. ठाण्याच्या एका नातेवाइकांनी त्यानंतर आम्हाला बरेच दिवस जेवायला बोलावलं नाही.

आजोबांची बाग रेवाला आठवत असेल. गेटमधून आत आलं की उजव्या हाताला, इमारतीच्या पुढे, इमारतीच्या रुंदीएवढा एक वाफा होता. मोगऱ्याची चार झुडपं, एक अनंत, दोन जास्वंदी आणि मधोमध लिंबाचं झाड. रेवा, तुझ्या बोटात काटा गेला होता तेच झाड. आजोबांनी ते पेन्शन सुरू झाली त्या महिन्यात लावलं. संध्याकाळी मोगरा उमलायच्या वेळी माणसं कामावरून यायची आणि गेटपाशी पाऊल जरा हळू टाकायची. कुणी तसं बोलून दाखवत नसे, पण मी खिडकीतून बघायची. मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, आणखी एक चिंचोळी पट्टी होती. तिथे शेवगा, कढीपत्ता, कर्दळ, अळू, गवती चहा असं काय काय आपापलं वाढलेलं. ती कुणी लावली नव्हती आणि तिच्याकडे कुणी बघतही नसे.

आजोबा गेले आणि दोन वर्षांनी तो उन्हाळा आला. कपात जाहीर झाली तशी सोसायटीची सभा खाली जिन्याजवळ भरली. सेक्रेटरी सावंत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्यांसारखे तेही मला 'टीचर' म्हणतात.

"टीचर, रागावू नका हं," ते म्हणाले. "माणसांना अंघोळीला पाणी नाही आणि आपण रोज पाइप लावून मोगऱ्याला पाजतोय. बरा दिसत नाय."

तिसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी म्हणालं, "मोगऱ्यासाठी वेगळा टँकर मागवा ना." लोक हसले. मग खरी गोष्ट बाहेर आली. गाड्या वाढल्या होत्या, रस्त्यावर लावायला जागा नव्हती, आणि बाग वाळलीच तर तिथे फरशी घालून गाड्या लावाव्यात असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. सावंतांचा मुलगा रोज अर्धा किलोमीटर लांब गाडी लावून चालत यायचा. यात कुणी दुष्ट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले की नळाच्या पाण्याचा एक थेंबही न वापरता मी बाग जगवून दाखवेन. फक्त घरातलं वापरून उरलेलं पाणी घेईन.

सावंतांनी मान वळवून वाफ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ठरलं तर मग. जूनच्या तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून बघायचं. जेवढं जगलं तेवढी जागा बागेची. बाकीची गाड्यांची. चालेल?"

चालेल, असं मी म्हटलं. वहीत लिहून सगळ्यांच्या सह्याही घेतल्या. शिक्षकांची खोड.

पुढच्या चार दिवसांत मी जे केलं त्याचा मला फार अभिमान होता, म्हणून ते नीट सांगते. दोन पिंपं आणली. निळं पुढच्या वाफ्याजवळ, काळं मागच्या भिंतीजवळ. नोटीस बोर्डावर मराठीत आणि इंग्रजीत कागद लावला: नितळ पाणी निळ्या पिंपात, गढूळ पाणी काळ्या पिंपात. साबणाचं आणि फिनेलचं कुठेही नाही. आणि नितळ पाणी मला कुठून मिळणार होतं तेही मी शोधून ठेवलं होतं. इमारतीतल्या बहुतेक घरांत आरओचा फिल्टर होता. तुमच्याकडे तो नाही, म्हणून सांगते. हे यंत्र पिण्याचं पाणी गाळतं आणि एक पेला स्वच्छ पाणी देताना दोन-तीन पेले मागच्या बारीक नळीतून सिंकमध्ये सोडून देतं. किती पाणी, आणि दिसायला काचेसारखं. मी घरोघर जाऊन सांगितलं, ती नळी सिंकमध्ये सोडू नका, बादलीत सोडा.

आणि लोकांनी ऐकलं. हे मला अजून नवल वाटतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला जिन्यावरून बादल्या उतरायच्या, पायऱ्यांवर ओले ठिपके पडायचे, लिफ्टमध्ये बायका एकमेकींची बादली बघायच्या. "तुमची एवढीच भरली? आमची तर दुपारीच भरते." ज्यांच्याशी दहा वर्षांत माझं 'कसं काय' पलीकडे गेलं नव्हतं ती माणसं निळ्या पिंपाशी थांबून लिंबाला किती लिंबं लागलीत ते मोजायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर प्रज्ञा आणि तिची आई राहते. प्रज्ञा एका औषध कंपनीत नोकरी करते. घर तिने स्वतः घेतलं, तेव्हा त्याला तीन वर्षं झाली होती. दारावर बुद्धाचं छोटं चित्र. आई अनसूयाबाई लातूरकडच्या एका गावातून आलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्याकडे फिल्टर नव्हता. त्या पाणी उकळून, गाळून पीत. त्यांची बादली कायम दुधाळ असायची: तांदळाचं पाणी, डाळीचं, मेथी-पालकाची माती उतरलेलं, कधी तळाशी पीठ बसलेलं. ती बादली माझ्या नियमाप्रमाणे काळ्या पिंपात जायची. पहिल्या दिवशी त्या निळ्या पिंपाशी आल्या होत्या. मी म्हटलं, "हे मागे हं, अनसूयाबाई." त्या बादली उचलून मागे गेल्या. रोज दोनदा मागे जात राहिल्या.

दुसऱ्या घरांचं गढूळ पाणीही तिथेच जात होतं. नियम सगळ्यांना सारखा होता. हे मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

मेच्या मध्यावर कपात वाढली. नळाला करंगळीएवढी धार. सोसायटीने टँकर मागवायला सुरुवात केली. टँकर आला की वॉचमन शिट्टी वाजवायचा, जाड पाइप खालच्या टाकीत सोडायचे, आणि सगळी इमारत बाल्कनीत उभी राहून बघायची, जणू कुणी आपलं काही चोरून नेईल. ते पाणी कुठल्या तरी बोअरचं. अंघोळ केली की केस राठ व्हायचे, चहा वेगळा लागायचा. पण पाणी होतं ना. कुणी तक्रार केली नाही. मी तर मुळीच नाही. उलट त्या दिवसांत निळं पिंप काठोकाठ भरायचं, कारण फिल्टर जास्त पाणी बाहेर टाकत होते. मला वाटलं, हे माझं नशीब.

मग मोगऱ्याची पानं बदलली.

आधी फक्त कडा. कुणी उदबत्तीने चटका द्यावा तशा तपकिरी. मी म्हटलं, ऊन. वर जुनी साडी बांधली. चार दिवसांनी अनंताच्या कळ्या न उमलताच काळ्या पडून गळल्या. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय, आणि निळ्या पिंपातलं दोन बादल्या जास्त घातलं. लिंबाची पानं पिवळी होऊन खाली पडायला लागली. सकाळी मी ती उचलायची, कुणाच्या नजरेला पडायच्या आत. मातीवर पांढरट साय धरली होती. ती बघून माझी खात्री झाली की कुणीतरी साबणाचं पाणी ओततंय.

तिसऱ्या रविवारला साडेतीन आठवडे उरले होते. सावंत रोज सकाळी व्हॉल्व्ह बंद करून खाली यायचे, वाफ्याशी मिनिटभर उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

अशाच एका सकाळी मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले. ज्यासाठी लिहायला बसले ते हेच आहे. वीस घरं होती आणि मी एकाच दारात गेले.

अनसूयाबाई दारात भाकरीच्या पिठाचे हात पुसत आल्या. मी विचारलं, "तुमच्या बादलीत चुकून साबण तर जात नाही ना? पुढची झाडं जळतायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. थकल्यासारखं काहीतरी होतं.

"टीचर," त्या म्हणाल्या, "माझं पानी तर तुमी मागं टाकायला लावता. मग पुढचं कसं जळंल?"

मी बालवाडीतल्या मुलासारखी उभी राहिले. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला, बगू."

खाली आल्यावर त्यांनी झाडाकडे बघितलंच नाही. त्या सरळ निळ्या पिंपाकडे गेल्या, ओंजळभर पाणी घेतलं, त्यातलं थोडं तोंडात धरलं आणि बाजूला थुंकल्या.

"तुमी चाखलं का हे?"

"नाही."

"चाखा."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. मग नीट घोटभर घेतलं. खारट म्हणावं तर नाही, गोड तर नाहीच. जिभेच्या मागे राहून गेलेली एक बेचव.

"मचूळ हाय," त्या म्हणाल्या. "टँकरचं पानी आधीच असलं. त्यातलं चांगलं तुमच्या मशीननं काढून घेतलं आन् सगळा खार ह्यात आला. ही मातीवरली पांढरी साय साबन न्हाई, खार हाय. आमच्या गावाकडं अशा पान्यानं रानं मेली. दिसायला लई नितळ असतं."

मचूळ पाण्याची चव मला नवी नव्हती, हे अधिक वाईट. लहानपणी मे महिन्यात आम्ही मार्व्याहून होडीने मनोरीला माझ्या आईच्या मावशीकडे जायचो. तिच्या नारळीच्या वाडीत विहीर होती. उन्हाळा चढला की समुद्र त्या विहिरीत शिरायचा. अंघोळीला कितीही साबण घासला तरी फेस यायचा नाही, अंग चिकट राहायचं, आणि मावशी सांगायची की हे पाणी तुळशीला घालू नका, त्या कोपऱ्यातल्या माठातलं घाला. मला सगळं आठवलं. पिंपाशी उभी असताना मला तो फेस न येणारा साबणसुद्धा हातात असल्यासारखा वाटला. सात वर्षांच्या मुलीला ठाऊक असलेली गोष्ट सत्तरीच्या बाईने चाखूनही बघितली नव्हती. कारण पाणी काचेसारखं दिसत होतं, यंत्रातून आलं होतं, आणि फिल्टर ज्यांच्याकडे आहे अशा घरांतून आलं होतं.

आम्ही दोघी मागच्या भिंतीकडे गेलो. अळूची पानं हत्तीच्या कानाएवढी झाली होती. कर्दळीला लाल फुलं. शेवग्याच्या शेंगा भिंतीबाहेर लोंबत होत्या. सगळं त्या गढूळ पाण्यावर.

अनसूयाबाई कढीपत्त्याचं एक डहाळं खुडत म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं, आमचं पानी तुमाला पुढं नको असंल."

मी म्हटलं, "गढूळ होतं म्हणून." आणि ते म्हणतानाच मला कळलं की हे पूर्ण उत्तर नाही. मुलांनो, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही यावरून आपल्याकडे माणसांनी माणसांना फार छळलंय. ते तुमची आई तुम्हाला सांगेल. मी स्वतःला त्यातली कधीच समजले नाही. वर्गात कुणाला वेगळं बसवलं नाही, कुणाचं नाव बघून गुण दिले नाहीत. पण तीन वर्षांत त्या घरात पाणी प्यायला मी कधी थांबले नव्हते. मला कुणी अडवलं नव्हतं. आणि चौकशीला गेले तेव्हा माझे पाय न विचारता त्याच दाराकडे वळले होते. नियम गढूळ पाण्याचा होता की आणखी कशाचा, हे मला छातीवर हात ठेवून आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी मी पुन्हा वर गेले. म्हटलं, "माफी मागायला आले."

"बसा," त्या म्हणाल्या. तांब्या-भांडं पुढे ठेवलं. मी पाणी प्यायले. उकळून गार केलेलं, किंचित धुरकट. मी पेला खाली ठेवेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "माफी राहू द्या. खुरपं हाय का तुमच्याकडं? वरची माती खरवडून टाकाय लागंल. उद्याच."

प्रज्ञा ऑफिसातून आली होती. ती म्हणाली, "काकू, नोटीस बोर्डावर लिहा. लोक अजून ओततायत."

ते लिहिणं कठीण गेलं. पहिला कागद मी दोन भाषांत, लाल शाईच्या रेघा मारून केला होता. दुसऱ्यात पाचच ओळी होत्या. फिल्टरचं पाणी झाडांना घालू नका, टँकरच्या दिवसांत ते खारं असतं, फरशी पुसायला आणि फ्लशला वापरा. चूक माझी आहे, ती अनसूयाबाईंनी दाखवली. बाकी सगळ्यांचं तांदूळ-भाजीचं पाणी आता पुढे आणा. दुपारी कुणीतरी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'टीचरना दहापैकी शून्य.' मी ते पुसलं नाही.

आता माती धुवून निघायला गोडं पाणी हवं होतं, आणि नळाच्या पाण्याला हात लावायचा नाही असं मी सगळ्यांसमोर बोलले होते. इमारतीत काही जण म्हणाले, घ्या हो चार बादल्या, कोण बघतंय. मी घेतलं नाही. आम्ही दोघींनी वरची दोन बोटं माती खरवडून बाहेर नेली. आरे कॉलनीला जाणाऱ्या एका ओळखीच्यांकडून वाळलेल्या पानांची दोन पोती आणवली आणि झाडांच्या बुंध्याशी जाड थर दिला, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही. अनसूयाबाईंनी दोन जुनी मडकी मागवली, कमी भाजलेली, पाझरणारी, आणि वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. ते मुळांना हवं तेवढंच हळूहळू झिरपतं. "वरून घातलेलं पानी आर्धं उन्हाचं असतं," त्या म्हणाल्या.

सगळ्यात गोडं पाणी कुठे आहे ते प्रज्ञाने सांगितलं. एसीतून बाहेर ठिबकणारं. ते हवेतलं असतं, त्यात खार नसतो. पुढच्या वाफ्यावर तोंड करून दोनच एसी होते आणि दोन्ही सावंतांचे. मी त्यांना विचारायला गेले नाही. माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सावंत स्वतः स्टुलावर उभे राहून एसीच्या नळीला पाइप जोडत होते.

"सावंत, हे कशाला?"

त्यांनी खाली बघितलं नाही. रागात किंवा संकोचात असले की ते मालवणीत बोलतात. "ह्या पाणी माझा नाय, हवेचा आसा. घेवा."

"मुलाच्या गाडीचं काय?"

"ता रविवारी बघूया. रविवारपर्यंत झाड काय माझा दुश्मन आसा?"

पाऊस त्या वर्षी लांबला. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज तसंच निघून जायचं. हवा अशी की भिंती घामेजल्यासारख्या दिसायच्या. मी दिवसातून सहा वेळा खाली जायची. लिंबाच्या फांदीवर एक फुगीर ठिपका दिसला की अनसूयाबाईंना हाक मारायची. त्या चष्मा पुसून बघायच्या आणि म्हणायच्या, "गाठ हाय, कोंब न्हाई." रोज तेच. त्या मला खोटी आशा दाखवत नव्हत्या, आणि त्यामुळेच मी त्यांना पुन्हा पुन्हा बोलावत होते. मोगऱ्याची चारही झुडपं जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. अनंत त्याच्या आधीच गेला होता. एका जास्वंदीने सगळी पानं टाकली आणि मग बुंध्यापाशी तीन हिरवे डोळे काढले. दुसरीने काढले नाहीत.

तिसऱ्या रविवारी सकाळी नऊला सगळे खाली आले. सावंतांच्या हातात माझी सह्यांची वही आणि खडू. आधी सगळे मागे गेले. मागे बघायचं काही नव्हतंच, सगळं हिरवं. सावंतांनी पट्टीच्या कडेने खडूची लांब रेघ ओढली. मग पुढे. मोगरा. "गेला," सावंत म्हणाले. अनंत, गेला. जास्वंद एक आहे, तिच्याभोवती त्यांनी गोल काढला.

लिंबापाशी ते थांबले. झाडावर एक पान नव्हतं, पण ते सरळ उभं होतं, काटे तसेच. सावंत माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "टीचर, उभा तर आसा. मी उभा म्हणून लिवतंय." आणि त्यांनी खडू टेकवला.

त्यांनी तो गोल काढला असता तर पुढचा अर्धा वाफा वाचला असता. कुणी काही बोललं नसतं. सह्यांच्या वहीत 'जगलं' असं लिहिलं होतं, पण उभं आणि जगलं यातला फरक त्या दिवशी तिथे कुणालाच नको होता. मी अनसूयाबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मदत न करता.

मी बुंध्याजवळ नखाने साल खरवडली. खाली भुरकट. वर एका जाड फांदीवर खरवडली. तिथेही तेच. मग अगदी मुळाशी वाकून तिसऱ्या जागी खरवडली. जिवंत झाडाची साल खाली ओली आणि हिरवी असते. तुमच्या आजोबांनी मला हे याच झाडावर शिकवलं होतं. माझ्या नखात कोरडा भुसा आला.

"गेलंय," मी म्हटलं. "खरं तेच लिहा, सावंत."

त्यांनी खडू उचलला. मग बायका आपापल्या बादल्यांकडे गेल्या, कारण सकाळचं तांदळाचं पाणी घरी तसंच राहिलं होतं.

पुढे आता फरशी आहे आणि तिच्यावर पाच गाड्या उभ्या राहतात. त्यातली एक सावंतांच्या मुलाची. बागेकडे येणाऱ्या बादल्या अठरा घरांच्या आहेत, आणि सगळ्या गढूळ. मागच्या भिंतीलगत शेवगा, कढीपत्ता, कर्दळ, अळू आणि गवती चहा आहे. पुढे, दोन गाड्यांच्या मध्ये, एक जास्वंद आहे. एवढं जिवंत आहे.

तुमची आजी